पहिल्या घासाला माशी

मराठी भाषेने माशीवर जितके वाक्प्रचार खर्ची घातले आहेत तितके वाघावरही घातले नसतील. रिकामटेकडा मनुष्य माश्या मारतो. तापट मनुष्य नाकावर माशी बसू देत नाही. जमत आलेले लग्न मोडले की 'कुठे माशी शिंकली?' अशी चौकशी सुरू होते. कार्यारंभीच विघ्न आले तर जाणती माणसे 'प्रथमग्रासे मक्षिकापातः' म्हणतात. आणि परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवरून 'मक्षिकास्थाने मक्षिका' उतरवून काढणारे आमचे काही मित्र तर आपल्या सर्वांच्या, विशेषतः प्राध्यापकांच्या, चांगल्या परिचयाचे आहेत.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदापर्यंत माझीही माशीशी ओळख एवढीच होती. पोळा होऊन आठ दिवस झाले असतील. माझा दोन वर्षांचा पुतण्या हगवणीने आजारी पडला. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले आणि आम्ही त्याला घेऊन दवाखान्यात धावलो. सलाईन लावून झाल्यावर डॉक्टरांनी वडिलांना एकच प्रश्न विचारला : "घरापासून उकिरडा किती पावलांवर आहे?" वडील म्हणाले, "असेल वीसपंचवीस पावलांवर." डॉक्टर म्हणाले, "दोष पाण्याचा की माश्यांचा, हे मला सांगता येणार नाही. पाणी उकळून द्या आणि उकिरड्याकडेही एकदा बघा."

पोरगा बरा झाला. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न राहून गेला. मी कला शाखेचा विद्यार्थी. कीटकशास्त्राशी माझा संबंध नाही. परंतु ज्या प्राण्यांबरोबर आपण एका छपराखाली राहतो, एका ताटात जेवतो, त्यांच्याविषयी आपल्याला काहीच ठाऊक नसावे याचे वैषम्य वाटले. तेव्हापासून वाचले, विचारले, घरात करून पाहिले, त्यातले जे पटले ते या लेखात मांडत आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कोणताही किडा आपला सूड घेण्यासाठी घरात येत नाही. तो तीन गोष्टींसाठी येतो : अन्न, ओल आणि आडोसा. या तिन्ही गोष्टी आपणच त्याला पुरवितो आणि मग त्याच्या नावाने बोटे मोडतो. पाहुण्याला पाट मांडावयाचा, वाढावयाचे आणि तो जेवावयास बसला की काठी घेऊन मागे लागावयाचे, असा हा आपला कारभार आहे.

प्रथम माशीचेच पाहू. घरमाशी एका वेळी शंभर ते दीडशे अंडी घालते आणि दोनतीन आठवड्यांच्या आयुष्यात असे चारपाच वेळा करते. ही अंडी ती आपल्या ताटात घालीत नाही. तिला लागते ओले शेण, विष्ठा, कुजका भाजीपाला, खरकटे. उष्ण दिवसांत अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. त्यातून निघालेली पांढरी अळी चारसहा दिवस त्या घाणीवर पोसते, नंतर बाजूच्या कोरड्या मातीत शिरून कोश करते आणि आणखी चारसहा दिवसांत त्यातून पूर्ण वाढलेली माशी बाहेर पडते. म्हणजे अंड्यापासून माशीपर्यंतचा सारा प्रवास आठदहा दिवसांत आटोपतो. आपल्याकडे आठवड्याचा बाजार भरतो, त्याच सुमारास माशीची नवी पिढीही बाजाराला हजर होते असे म्हणावयास हरकत नाही.

माशीला चावता येत नाही. तिला दात नाहीत. साखरेच्या कणावर किंवा भाकरीच्या पापुद्र्यावर ती आधी आपल्या पोटातील ओलावा टाकते आणि तो पदार्थ विरघळला की सोंडेने शोषून घेते. क्षणापूर्वी ती उकिरड्यावर बसलेली असेल, तर तेथील जंतू तिच्या पायांवरच्या केसांना आणि पोटातल्या त्या ओलाव्याला लागून थेट आपल्या ताटात उतरतात. हगवण, पटकी, विषमज्वर, डोळ्यांच्या खुपऱ्या यांच्या प्रसारात माशीचा हात असतो तो असा. ताटावर बसलेली माशी आपण हाताने उडवितो आणि काम झाले असे समजतो. वास्तविक तिचे काम त्याआधीच झालेले असते.

यावरून एक हिशेब सहज ध्यानी येईल. घरात बसून दिवसभरात पन्नास माश्या मारल्या तरी उकिरड्यावर त्याच वेळी हजारोंची भरती चालू असते. माश्या मारण्याला मराठीत रिकामटेकडेपणा का म्हणतात याचे शास्त्रीय कारण हेच असावे. माशी थांबवावयाची असेल तर ती अळी असताना, म्हणजे त्या आठदहा दिवसांत, थांबविली पाहिजे. शेण पातळ पसरून उन्हात वाळविले तर अळीला लागणारी ओल राहत नाही. शेण रोजच्या रोज मातीने किंवा कोरड्या कुटाराने झाकले तर माशीला अंडी घालण्यास जागा सापडत नाही. आणि खताचा ढीग नीट रचून लिंपून टाकला तर आतल्या आत तो इतका तापतो की अळ्या जगत नाहीत.

हे लिंपण्याचे काम आपल्या विदर्भातल्याच एका माणसाने पद्धतशीर करून दाखविले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' हे नाव पडले. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधावयाचे, भिंतींत हवा खेळण्यासाठी भोके ठेवावयाची, काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थरावर थर भरावयाचे आणि वरून शेणमातीने लिंपून टाकावयाचे. तीनचार महिन्यांत खत तयार होते. थोड्या शेणात पुष्कळ खत मिळावे हा त्यांचा मूळ हेतू. पण लिंपलेल्या टाक्यावर माशी घर करू शकत नाही, हा त्याचा दुसरा लाभ आपण मात्र विसरून जातो.

माशीनंतर मुंगी. आमच्या आजीच्या मते मुंगी ही लक्ष्मीची पावले ओळखणारी असते. जेथे गूळ तेथे मुंगळे, आणि ज्या घरात मुंग्या नाहीत त्या घरात खायला तरी काय असणार! मुंग्यांच्या रांगेचे रहस्य असे की, प्रथम एकटीदुकटी मुंगी अन्नाच्या शोधात भटकत येते. अन्न सापडले की परत जाताना ती आपल्या पोटाच्या टोकाने जमिनीवर एका रसाची रेघ ओढीत जाते. त्या वासावरून बाकीच्या येतात आणि त्याही परतताना तीच रेघ अधिक गडद करतात. म्हणून रांगेतल्या मुंग्या चिरडून उपयोग होत नाही. रेघ तशीच राहते आणि तासाभराने दुसरी तुकडी हजर होते. साबणाच्या पाण्याने ती वाट स्वच्छ पुसून काढली आणि सांडलेला गुळाचा खडा उचलला, की पुढच्या मुंगीला वाट सापडत नाही. हळदीची रेघ ओढण्याचा जो घरगुती उपाय आहे तोही रांग थोडा वेळ विस्कटतो, पण अन्न तेथेच राहिले तर मुंग्या वळसा घालून येतात. जुन्या घरांतील शिंकाळे आणि कपाटाच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या या दोन युक्त्यांना मात्र मानले पाहिजे. मुंगीला वाटच ठेवावयाची नाही, हे तत्त्व त्या माऊल्यांना कोणी पुस्तकातून शिकविले नव्हते. तेवढे वाट्यांतले पाणी दर चार दिवसांनी बदलावे, नाही तर मुंग्या जाऊन डास यावयाचे. बाजारात मुंग्यांसाठी मिळणारा खडू हे विषच आहे. ज्या घरात पाटी-पेन्सिलीच्या वयाचे मूल आहे तेथे तो ठेवू नये.

डासांचे प्रकरण मोठे आहे, आणि त्यात इतिहासही आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्याआधी हा ताप दलदलीच्या वाईट हवेने येतो असा समज होता. पुढे स्वातंत्र्यानंतर देशात १९५३ साली हिवताप नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरोघरी भिंतींवर डीडीटी फवारले गेले. १९५३ च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई असा अंदाज होता. १९६५ च्या सुमारास तो आकडा लाखाच्या घरात आला. रोग संपला असेच सर्वांना वाटले. पण १९७६ साली पुन्हा चौसष्ट लाखांवर रुग्ण नोंदले गेले.

असे का झाले? एक तर डासांना त्या औषधाची सवय झाली. जे थोडे डास वाचले त्यांचीच प्रजा वाढली आणि तिला ते विष बाधेनासे झाले. यश पाहून कामातही ढिलाई आली. तिसरे कारण आमच्या आजीने सांगितले. फवारणीवाले येऊन भिंतीवर औषध मारून, दारावर तारीख लिहून जात. देवघरात आणि चुलीपाशी त्यांना कोणी शिरू देत नसे. पुढे आठपंधरा दिवसांनी सण आला की आजी शेणमातीने भिंती पुन्हा सारवून काढी. औषध सारवणाखाली गाडले जाई. आजी हे सांगताना हसते. पण पुढे वाचताना कळले की डीडीटीच्या अपयशाच्या कारणांत हे सारवणही मोजले गेले आहे. शासनाने भिंत पाहिली, भिंतीशी घरच्या बाईचे असलेले नाते पाहिले नाही. तिला कोणी दोन शब्द समजावून सांगितले असते तर तिने महिनाभर सारवण खचितच पुढे ढकलले असते.

आज आपल्याकडे हिवतापापेक्षा डेंग्यूची धास्ती अधिक आहे. त्याचा पांढऱ्या ठिपक्यांचा डास गटारात वाढत नाही, तर घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. रांजण, टाके, कूलर, छपरावरचे जुने टायर, फ्रीजच्या मागची थाळी ही त्याची माहेरघरे. अंड्यापासून डास होण्यास आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावी असे आरोग्य खाते सांगते. पण केवळ ओतून भागत नाही. या डासाची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याच्या आतल्या बाजूस चिकटून बसतात, कोरडी असतानाही अनेक महिने जिवंत राहतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणून भांडे घासलेच पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, नळाला रोज पाणी येत नाही, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आम्ही भरलेला ड्रम ओतावा तरी कसा? हा प्रश्न खरा आहे. आमच्या बीबीसारख्या लोणार तालुक्यातल्या गावाला 'कोरडा दिवस पाळा' असे सांगणे सोपे, पाळणे कठीण. अशा वेळी ड्रमवर जुन्या धोतराचे किंवा साडीचे दुहेरी कापड ताणून काठाभोवती घट्ट बांधावे. नुसते वर टाकलेले झाकण डासाला दारासारखे असते. आणि जो हौद ओतता येत नाही त्यात गप्पी मासे सोडावे. ते अळ्या खातात.

सांडपाण्याच्या डासांचा मार्ग निराळा आहे. उघड्या गटारीत आणि नहाणीच्या डबक्यात जे डास वाढतात ते रात्री कानाशी गुणगुणतात, आणि पूर्व विदर्भात हत्तीरोगही पसरवितात. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत मुरविले आणि डासमुक्त गाव म्हणून नाव मिळविले. पुढे रोजगार हमी योजनेतून त्या जिल्ह्यात इतर गावांनीही हे केले. साधारण चार फूट लांब, रुंद, खोल खड्डा, मध्ये वरच्या भागात भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. एवढेच त्याचे यंत्र. आपल्याकडे काळ्या चिकण जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत न्यावा आणि विहिरीपासून दूर घ्यावा, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

घरातल्या क्षुद्र जीवाने केवढा अनर्थ होऊ शकतो याचे सर्वांत भीषण उदाहरण महाराष्ट्राने पाहिले ते प्लेगचे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. लोक घरे सोडून माळावर झोपड्या टाकून राहिले. सरकारी शिपाई घरांत शिरून सामान बाहेर फेकीत, भिंतींना चुना फाशीत, कौले काढून ऊन आत घेत. उंदीर मरून पडतात हे सर्वांना दिसत होते; परंतु मेलेल्या उंदराचे अंग थंड झाले की त्याच्यावरच्या पिसवा उडी मारून माणसाच्या अंगावर येतात, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत पिसवांचा हा दोष प्रयोगाने दाखविला तो १८९८ साली. अवघ्या एका वर्षाचे अंतर. ज्ञान उशिरा आले की त्याची किंमत अशी मोजावी लागते. आणि आलेले ज्ञान आपण वापरले नाही तर आपल्याला उशिराची सबबही उरत नाही.

आता धान्याकडे वळू. शेतकऱ्याच्या घरात माणसांपेक्षा धान्याला अधिक जागा असते. गव्हाला सोंडे लागतात, तुरी-हरभऱ्याला भुंगे लागतात. हरभऱ्याच्या भुंग्याची लागण पुष्कळदा शेतातून किंवा जुन्या पोत्यांतूनच घरात येते. सर्वांत मोठा उपाय म्हणजे ऊन. धान्य दाताखाली कट्कन वाजेपर्यंत वाळविले तर किडीला लागणारी ओल त्यात राहत नाही. पोती उलटी करून उकळत्या पाण्यातून काढून वाळवावी, कोठी आतून झाडून तिच्या फटी लिंपाव्या, नवे धान्य जुन्यावर ओतू नये. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात फिरविण्याची आपल्या बायकांची रीत शास्त्राला धरून आहे. तेलकट दाण्यावर भुंग्याची अंडी नीट धरत नाहीत. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर सावलीत पूर्ण वाळलेला घालावा. ओला पाला घातला की आपणच धान्याला ओल देतो. कापूसही फार दिवस राहत्या खोलीत साठवू नये. त्यातल्या बोंडअळीवर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे अंगाला चावतात आणि सारे घर खाजवीत बसते. तीच गोष्ट घराच्या भिंतीला टेकून रचलेल्या पऱ्हाट्यांची. वाळवीला ती आयती शिडी होते. पऱ्हाट्या आणि सरपण भिंतीपासून दूर, दगडांवर रचावे आणि भिंतीवर मातीची नळी दिसली की मोडून आत कोठून येते ते पाहावे.

ढेकूण आणि झुरळे यांच्यासाठी वेगळे शास्त्र नाही. ढेकूण अन्नावाचून महिनोन्‌महिने जगतो, त्यामुळे बाज आठ दिवस उन्हात टाकून तो उपाशी मरत नाही. बाजेच्या सांध्यासांध्यांत कढत पाणी ओतावे लागते. झुरळाला रात्री मोरीतली ओल आणि खरकटे लागते. निजण्यापूर्वी भांडी घासून मोरी कोरडी केली आणि भिंतीच्या फटी बुजविल्या, तर मग कणकेत साखर आणि बोरिक पावडर मळून केलेल्या गोळ्या, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा, कोपऱ्यांत ठेवून उरलेली झुरळे संपतात. आणि भिंतीवरची पाल? तिला हाकलू नये. ती पगाराशिवाय काम करणारी रात्रपाळीची नोकर आहे. १९५८ साली चीनमध्ये माशी, डास आणि उंदीर यांच्या जोडीला चिमण्यांनाही शत्रू ठरवून लाखोंनी मारले. चिमण्या दाणे खातात हे त्यांना दिसले, त्या किडेही खातात हे दिसले नाही. पिकांवर किडींचा सुळसुळाट झाला, तेव्हा १९६० साली त्या यादीतून चिमणी काढून तेथे ढेकूण घालण्यात आला!

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यत्वे लिहावासा वाटला ती सांगतो. वर सांगितलेले उपाय कष्टाचे आहेत. त्यापेक्षा विषाची बाटली जवळची वाटते. कपाशीवर, सोयाबीनवर फवारून उरलेले औषध घरात असतेच. तेच पाण्यात मिसळून माश्यांवर, ढेकणांवर, क्वचित पोरीच्या डोक्यातल्या उवांवरसुद्धा घातले जाते. मित्रहो, हा खेळ जिवाशी आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात, वाहत्या वाऱ्यात फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. तेच विष चार भिंतींच्या आत, बाजेवर आणि चुलीजवळ काय करील याचा विचार करावा. धान्यात टाकावयाच्या ज्या गोळ्या मिळतात त्यांचा तर अधिकच धोका आहे. हवेतल्या ओलीने त्यांतून जो वायू निघतो तो किडे आणि माणसे असा भेद करीत नाही, आणि त्याच्यावर उतारा नाही. राहत्या घरात, झोपावयाच्या खोलीत त्या गोळ्या कधीही ठेवू नयेत. शेतीचे औषध सरबताच्या किंवा तेलाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. कोणाला विषबाधा झालीच तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी. सोंड्यांनी दोन पायल्या गहू खाल्ला तर तेवढेच नुकसान; सोंडे मारण्याच्या नादात माणूस गेला तर त्याची भरपाई कोण करणार?

राहता राहिला उकिरडा. डॉक्टरांच्या प्रश्नानंतर वडिलांनी आमचा उकिरडा वावराच्या बांधावर हलविला. खिडकीला जाळी बसविली, दुधा-भाकरीवर झाकणे आली. माश्या कमी झाल्या, पण गेल्या नाहीत. जाणार कशा? माशी सहज एकदीड किलोमीटर उडत जाते आणि शेजाऱ्यांचा उकिरडा तर होता तेथेच होता. वडिलांनी त्यांना सुचवून पाहिले. ते म्हणाले, "हा उकिरडा माझ्या आज्यापासून इथं हाय. तुमच्या माश्या तुम्ही सांभाळा." दोन महिने दोन्ही घरांचे बोलणे बंद होते. माझ्या घराची स्वच्छता माझ्या उंबरठ्यावर संपत नाही, हे मला त्या दोन महिन्यांत जेवढे समजले तेवढे कोणत्याही पुस्तकाने समजले नसते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी हे फार पूर्वी ओळखले होते. ते गावात शिरल्यावर कीर्तनाआधी खराटा हाती घेत, आणि तो सर्वांच्या वाटेवर चालवीत. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यात २००० साली सुरू झाले, तेही एका घराला नव्हे तर आख्ख्या गावाला बक्षीस देणारे.

यासंबंधी आपल्या महाविद्यालयीन मित्रांपुढे एक सूचना नम्रपणे ठेवावीशी वाटते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली तेव्हापासून महाविद्यालयांची श्रमशिबिरे गावोगाव भरतात. आपण रस्ते झाडतो, घोषणा देतो, छायाचित्र काढतो आणि परततो. झाडलेल्या रस्त्यावर माशीचा जन्म होत नाही. तो होतो गावकुसाच्या उकिरड्यांवर आणि नहाण्यांच्या डबक्यांत. एका शिबिरात आपण एकाच गल्लीतले सर्व शोषखड्डे आणि एक नाडेप टाके करून दिले, आणि घरातल्या बायाबापड्यांपाशी बसून त्याचे कारण समजावून सांगितले, तर ती गल्ली पुढच्या भाद्रपदात आपली आठवण काढील.

आमच्या शेजाऱ्यांचे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. गेल्या वर्षी आम्ही बांधावर नाडेपचे टाके बांधले. चार महिन्यांनी ते उघडले त्या दिवशी शेजारचे काका सहज आल्यासारखे आले. त्यांनी मूठभर खत हातात घेतले, चोळले, नाकाशी नेले. माशीविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. थोड्या वेळाने वडिलांना म्हणाले, "विटा किती लागल्या?"

माशीसाठी कोणी उकिरडा हलवीत नाही, खतासाठी हलवितो. ज्याला जी गोष्ट हवी तिच्या वाटेने बोलावे, हे त्या दिवशी मी शिकलो. काकांचे टाके आता आमच्या टाक्याला लागून उभे आहे आणि पुतण्या अंगणात बसून आपल्या हाताने दूधभात खातो.